पतंगाच्या मांज्यापासून ‘डागा आणि विसरा’पर्यंत: एकटा जवान रणगाडा कसा फोडतो?

संक्रांतीला तीन दिवस बाकी होते. ११ जानेवारी २०२६ ला नगरजवळच्या के. के. रेंजवर डीआरडीओने एक लहानसं रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र उडवलं. ते वर चढलं, पुढे गेलं आणि एका हलत्या लक्ष्यावर माथ्याकडून येऊन आदळलं. दुसऱ्या दिवशी बातमी आली, तिच्यात शब्दांचा नुसता पाऊस: तिसऱ्या पिढीचं, मॅन पोर्टेबल, फायर अँड फर्गेट, टॉप अटॅक, टँडेम वॉरहेड, इमेजिंग इन्फ्रारेड सीकर. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी त्यातलं ‘यशस्वी’ आणि ‘नगर’ एवढं वाचलं, अभिमानाने पुढे पाठवलं आणि विषय संपला.

नगरकरांना तसा धडाडधूम आवाज नवा नाही. के. के. म्हणजे खारे कर्जुने. त्या गावाच्या नावाने ओळखला जाणारा हा लष्करी सरावाचा माळ. शहरात रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. पण त्या बातमीतली एक ओळ मला सगळ्यात मजेशीर वाटली. ज्या ‘रणगाड्या’वर मारा झाला तो रणगाडा नव्हताच. जोधपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेने बनवलेलं ते एक सोंग होतं, खऱ्या रणगाड्यासारखी ऊब सोडणारं. एवढा खटाटोप कशाला? पत्र्याचा सांगाडा उभा केला असता तर काय बिघडलं असतं? या एका प्रश्नाचं उत्तर कळलं की वरच्यातले अर्धेअधिक शब्द आपोआप सुटतात. मात्र त्यासाठी जरा मागून यावं लागेल.

## दिंडी दरवाजा आणि कौलं

नगरच्या रणगाडा संग्रहालयात शाळेच्या सहलीत गेलेल्यांना ते धूड आठवत असेल. तोफेखाली उभं राहून फोटो काढायचा, सरांनी ओरडायचं, मग बस. त्या वयात एक गोष्ट कुणाच्या लक्षात येत नाही: रणगाडा सगळीकडून सारखा जाड नसतो.

जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. समोर खिळे ठोकलेला दिंडी दरवाजा, दोन हात जाड भिंत. आणि वर? कौलं. कारण शत्रू समोरून येणार असं धरलेलं. रणगाड्याचंही तेच. आपला टी-९० सुमारे ४६ टनांचा आहे. चारी बाजूंना आणि वर-खाली सारखंच चिलखत चढवलं तर वजन इतकं वाढेल की तो जागचा हलणार नाही, पूल तर सोडाच. म्हणून सगळ्यात जाड चिलखत तोंडावर, कुशीला त्याहून कमी, आणि छताला फक्त काही सेंटिमीटर पोलाद.

पायदळातल्या जवानाची पंचाईत इथेच सुरू होते. तो जमिनीवर असतो, रणगाडा तोंड त्याच्याकडे करून येतो, म्हणजे त्याच्या वाट्याला दिंडी दरवाजाच. १९६५ च्या युद्धात खेमकरणजवळ अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या १०६ मिलिमीटर तोफेने पॅटन रणगाडे उडवले ते पिकांच्या आडोशाने जवळ जाऊन. शेवटी एका रणगाड्याने त्यांना हेरलं आणि ते धारातीर्थी पडले. त्यांना परमवीरचक्र मिळालं. त्या शौर्याबद्दल आपण खूप बोलतो. मला त्यात एक कोरडा तांत्रिक प्रश्नही दिसतो: मारण्यासाठी जवळ जावं लागत होतं, आणि एकदा गोळा सुटला की जागा उघडी पडत होती. पुढची साठ वर्षं शस्त्रं बनवणाऱ्यांनी डोकं खपवलं ते ह्याच दोन गोष्टींवर.

## पोलाद वितळत नाही, बाजूला होतं

आधी फोडण्याचं बघू, कारण तो भाग तुलनेने लवकर सुटला होता.

रणगाड्याची तोफ पोलाद भेदते ती वेगाच्या जोरावर. तेवढ्या वेगासाठी लांब नळी, जबरदस्त दारू आणि धक्का सोसायला टनांनी वजन लागतं. माणसाच्या खांद्यावर हे शक्य नाही. त्यावर तोड निघाली ती ‘शेप्ड चार्ज’ची, म्हणजे आकार दिलेल्या स्फोटकाची. स्फोटकाच्या तोंडाशी शंकूसारखी पोकळी ठेवायची आणि तिला आतून तांब्याचं अस्तर लावायचं. स्फोट झाला की ते अस्तर चारी बाजूंनी मधे दाबलं जातं आणि पुढे एक बारीक, सुईसारखी धार सुटते.

विहिरीत दगड टाकल्यावर काय होतं आठवा. पाण्यात खड्डा पडतो, तो मिटताना मधोमध पाण्याचा एक उंच बारीक खांब उडतो. इथे पाण्याच्या जागी तांबं असतं आणि त्या धारेच्या टोकाचा वेग सेकंदाला आठ-नऊ किलोमीटर. बंदुकीची गोळी सेकंदाला एक किलोमीटरही जात नाही.

ही धार पोलाद ‘वितळवते’ असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. ते बरोबर नाही. इतक्या प्रचंड दाबाखाली पोलाद घट्ट राहूच शकत नाही, चिखलासारखं वागतं. पाइपची धार चिखलात मारली की चिखल बाजूला सरून भोक पडतं, तसं. यातली खरी गंमत अशी की क्षेपणास्त्र स्वतः किती जोरात येतं याला फारसं महत्त्व उरत नाही. ते रमतगमत आलं तरी धारेचा वेग तोच. म्हणून हलकं, एका माणसाला उचलता येईल असं रणगाडाविरोधी शस्त्र बनू शकलं. दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन बझूका आणि जर्मन पान्झरफाउस्ट याच तत्त्वावर चालत. सुरुवातीच्या पान्झरफाउस्टचा पल्ला मात्र तीस मीटरच्या आसपास. तीस मीटर म्हणजे दीड क्रिकेटची खेळपट्टी. समोरून रणगाडा येतोय आणि तुम्ही तेवढ्या अंतरावर थांबलाय, ही कल्पना करून बघा.

## पतंगबाजांचा जमाना

पल्ला वाढवायचा तर नेम लागायला हवा, आणि दोन-तीन किलोमीटरवरचा हलता रणगाडा साध्या रॉकेटने टिपणं म्हणजे नशिबाचा खेळ. मग सुचलं ते आपल्याकडे संक्रांतीला पोरं करतात तेच: मांजा.

फ्रेंचांनी १९५० च्या दशकात एसएस-१० नावाचं क्षेपणास्त्र आणलं, रशियनांनी पुढे माल्युत्का. क्षेपणास्त्राच्या मागून बारीक तार सुटत जायची, जवानाच्या हातात एक दांडी. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. ढील द्यायची सोय नाही, गोत मारलं की मारलं. यासाठी भरपूर सरावाने हात बसवावा लागे. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये सुवेझ कालव्यापलीकडे इजिप्तच्या पायदळाने याच माल्युत्कांनी इस्रायली रणगाड्यांची दाणादाण उडवली. जगभर बोलबाला झाला की आता रणगाड्यांचा जमाना संपला.

पण इस्रायली लवकरच शहाणे झाले. माल्युत्का तीन किलोमीटरवर पोचायला साधारण पंचवीस सेकंद घेते. एवढा वेळ तो इजिप्शियन जवान जागचा हलू शकत नाही, डोळा हलवू शकत नाही, शिंकूही शकत नाही. मग जिथून धूर उठला त्या दिशेला सगळ्यांनी मशीनगनचा मारा करायचा. तो मेला नाही तरी दचकला की पुरे. मांजा तुटला की पतंग गेला.

दुसऱ्या पिढीत दांडी गेली, तार राहिली. जवानाने दुर्बिणीतली फुली लक्ष्यावर धरून ठेवायची. क्षेपणास्त्र फुलीपासून किती सरकलंय ते यंत्र बघतं आणि तारेतून हुकूम सोडतं. आपल्या फौजेतलं मिलान याच जातीचं. मूळ फ्रेंच-जर्मन, पण १९८० च्या दशकापासून हैदराबादची भारत डायनॅमिक्स ते परवान्याने बनवते आहे. दोन किलोमीटरला बारा-तेरा सेकंद. थांबण्याचा वेळ घटला, शिकणं खूप सोपं झालं, पण बारा सेकंद फुली धरून बसणं काही टळलं नाही. मनातल्या मनात बारा आकडे मोजून बघा, पुढचा माणूस तुमच्यावर तोफ वळवतोय असं समजून.

## फोटो देऊन पाठवलेला माणूस

अमेरिकेकडे त्या वेळी ड्रॅगन नावाचं तारेचं क्षेपणास्त्र होतं. पल्ला एक किलोमीटर, आणि वापरणाऱ्यांचं त्याच्याबद्दल फारसं चांगलं मत नव्हतं. त्याच्या जागी नवं हवं म्हणून १९८६ च्या सुमारास तीन वेगवेगळ्या कल्पनांची स्पर्धा लावली गेली. एक लेझर किरणावरून जाणारी, एक काचतंतूतून (ऑप्टिकल फायबरमधून) चित्र परत पाठवणारी, आणि तिसरी म्हटली तर आगाऊ: क्षेपणास्त्रालाच डोळा आणि डोकं द्यायचं, जवानाने फक्त सोडायचं. १९८९ साली ही तिसरी निवडली गेली. १९९६ ला जॅव्हेलिन अमेरिकी सैन्यात दाखल झालं आणि आज जगात ‘तिसरी पिढी’ म्हटलं की मोजमाप त्याचंच लावतात.

पाहुण्याला एसटी स्टँडवरून आणायला तुम्ही कुणाला तरी पाठवता. पहिल्या पिढीत तुम्ही त्याला फोनवर सांगत असता: डावीकडे वळ, आता सरळ. तिसऱ्या पिढीत त्याच्या मोबाइलवर पाहुण्याचा फोटो टाकता आणि स्वतः चहा टाकायला जाता. जवान दुर्बिणीतून रणगाडा बघतो, त्याच्याभोवती चौकट जुळवतो, ‘हा’ म्हणून क्षेपणास्त्राला दाखवतो. क्षेपणास्त्र ते चित्र पक्कं करतं, आणि सुटल्यानंतर स्वतःच्या डोळ्याने जे दिसतं त्याच्याशी क्षणोक्षणी ताडून बघतं. जवळ जाईल तसा रणगाडा मोठा दिसतो, वेगळ्या बाजूने दिसतो; तेही धरून चित्र बदलत राहतं. ‘फायर अँड फर्गेट’, डागा आणि विसरा, ते हे. त्यात रेडिओचा हुकूम नाही की तार नाही. त्यामुळे मधेच तोडायला किंवा बुजवायला काही नाही, आणि जवानाला तिथे थांबायचं कारणही नाही. सुटलं की त्याने उठून पळायचं.

हा डोळा साधा कॅमेरा नसतो. तो प्रकाश बघत नाही, ऊब बघतो. यालाच इन्फ्रारेड सीकर म्हणतात. पुढे आपण डोळाच म्हणू. रणगाड्याचं इंजिन तापलेलं, चाकं घासून गरम, धूर गरम. रात्री, धुरळ्यात, झुडपाआडूनही तो उठून दिसतो. आता जोधपूरच्या त्या उबदार सोंगाचा उलगडा झाला असेल. थंड पत्र्याचा सांगाडा या डोळ्याला माळापासून वेगळा ओळखूच आला नसता, आणि आला असता तरी ती परीक्षा खोटी ठरली असती.

मूळ जॅव्हेलिनच्या डोळ्यात उभे चौसष्ट आणि आडवे चौसष्ट, म्हणजे चार हजारांच्या आसपास ठिपके आहेत. तुमच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात काही कोटी असतात. इतक्या भरड चित्रावरून दोन किलोमीटरवरचा रणगाडा धरून ठेवायचा, तोही स्वतः धावत असताना. अवघड काम स्फोटाचं नव्हतंच, ते हे होतं. असे ठिपके घडवणारे कारखानेही जगात मोजक्याच देशांत आहेत.

त्यात आणखी एक भानगड. ऊब बघणारा डोळा स्वतः गरम असेल तर त्याला स्वतःचीच ऊब दिसते. रात्री खोलीतला दिवा चालू ठेवून खिडकीबाहेर बघितलं की काचेत आपलाच चेहरा दिसतो. बाहेरचं बघायचं तर दिवा घालवावा लागतो. इथे दिवा घालवणं म्हणजे डोळा गोठवणं. जॅव्हेलिनमध्ये दाबाखालचा आर्गॉन वायू बारीक छिद्रातून सोडतात आणि पसरताना तो कमालीचा थंड होतो. डिओडरंटचा फवारा अंगाला गार लागतो त्याचंच हे मोठं भावंड समजा. बॅटरी आणि वायूची ही डबी एकदा चालू केली की चार मिनिटांच्या आसपास पुरते आणि पुन्हा वापरता येत नाही. म्हणजे ‘बघू, येईल रणगाडा’ म्हणत ती चालू ठेवून बसता येत नाही.

## कौलं काढून आत

डोळा आणि डोकं मिळालं की एक जुनी अडचणही सुटते. हुकूम देणारा माणूस जमिनीवर असतो तोवर क्षेपणास्त्र साधारण त्याच्या नजरेच्या रेषेतच जाणार, म्हणजे दिंडी दरवाजावर. स्वतःच बघणाऱ्या क्षेपणास्त्राला हे बंधन नाही. जॅव्हेलिन सुटल्यावर सुमारे दीडशे मीटर उंच चढतं आणि मग वरून छतावर उतरतं. जुन्या काळी हुशार चोर दरवाजाशी झटत नसत, कौलं काढून आत उतरत. बातमीतला ‘टॉप अटॅक’ तो हा. छत वाचवायला रणगाडा पुलाखाली किंवा इमारतीत उभा असेल तर जॅव्हेलिनला थेट मारा करण्याचाही पर्याय असतो.

उरला ‘टँडेम वॉरहेड’. १९८२ च्या लेबनॉन युद्धात इस्रायलने रणगाड्यांवर एक नवी युक्ती वापरली: चिलखतावर वरून स्फोटकाच्या विटा लावायच्या. तांब्याची धार विटेवर आदळली की वीट फुटते, तिच्या पत्र्यांनी धार मोडून पडते, आत पोचतच नाही. त्यावर उतारा म्हणून क्षेपणास्त्रात एकामागे एक दोन स्फोटकं बसवली जातात. पुढचं लहान विटेला फोडून टाकतं, मागचं मोठं मोकळ्या झालेल्या जागेतून आत घुसतं. दारावरचा कुत्रा आधी एकाने बाजूला न्यायचा, मग दुसऱ्याने कडी काढायची.

टी-७२ आणि टी-९० च्या बाबतीत छतावरचा वार विशेष वाईट ठरतो. या रणगाड्यांत तोफ भरायला माणूस नाही, यंत्र आहे, आणि दारूगोळा बुरुजाच्या खालीच गोल रचलेला असतो. तो पेटला की अख्खा बुरूज हवेत उडतो. युक्रेनमधली ती दृश्यं आपण सगळ्यांनी बघितली आणि बऱ्याच जणांनी रशियाची टरही उडवली. आपल्या रणगाडा दलाचा कणाही टी-७२ आणि टी-९० च आहेत, एवढं त्या वेळी ध्यानात ठेवायला हवं होतं.

## हे ‘उचलून नेण्याजोगं’ म्हणजे किती?

नगरला उडवलेल्या आपल्या क्षेपणास्त्राचं वजन साडेचौदा किलोच्या आसपास आहे, आणि ते डागायच्या यंत्राचंही जवळपास तेवढंच. दोन्ही मिळून घरातल्या भरलेल्या गॅस सिलिंडरएवढं. सिलिंडर जिन्याने दोन मजले चढवलेल्या कुणालाही विचारा. त्यात रायफल, पाणी, कपडे धरा आणि जिन्याऐवजी लडाखचा चढ घ्या, जिथे नुसतं चाललं तरी धाप लागते. म्हणून हे ओझं दोघांत वाटून नेतात. जॅव्हेलिन दोन्ही मिळून बावीस किलोंच्या आसपास असतं आणि खांद्यावरून डागतात. आपलं तिपाईवरून किंवा वाहनावरून. आपल्याकडच्या बातम्यांनी त्याला सरसकट ‘खांद्यावरून डागायचं’ म्हटलं, ते तितकंसं बरोबर नाही.

डागणाऱ्याला भाजू नये याचीही सोय लागते. बाटलीत ठेवलेला दिवाळीचा बाण सुटतो तेव्हा सगळी आग बाटलीच्या तोंडाशी. त्या जागी चेहरा असेल तर? जॅव्हेलिनमध्ये एक छोटी मोटर क्षेपणास्त्राला नळीतून नुसतं बाहेर ढकलते आणि नळीतच विझते. क्षेपणास्त्र काही मीटर पुढे गेलं की मग मुख्य मोटर पेटते. व्हिडिओत ते बाहेर पडून क्षणभर खाली झुकल्यासारखं दिसतं आणि बघणाऱ्याला वाटतं, गेलं वाया. मग एकदम उसळी घेतं. मागे आगीचा लोळ फार उठत नसल्याने ते खोलीतूनही डागता येतं आणि जागाही लवकर उघडी पडत नाही.

## डोळ्याला फसवता येत नाही का?

येतं. आणि हा प्रश्न विचारणाऱ्याला अर्धा विषय कळला असं मी समजतो.

दिवसातून दोनदा, सूर्य उगवल्यावर आणि मावळल्यानंतर थोड्या वेळाने, अशी वेळ येते की माती, दगड आणि लोखंड यांचं तापमान जवळजवळ सारखं होतं. तेव्हा चित्रातला फरक पुसट होतो. उन्हाळ्यात वाळवंटात तर भर दुपारी हीच गत. आपल्या ‘नाग’ क्षेपणास्त्राच्या वाट्याला हे दुखणं आलं होतं. १९८३ साली सुरू झालेल्या क्षेपणास्त्र कार्यक्रमात पृथ्वी, अग्नी, त्रिशूळ, आकाश यांच्याबरोबरचं हे पाचवं. ते वाहनावरून डागायचं, एकाच्याने उचलण्यासारखं नव्हे. राजस्थानच्या उन्हाळ्यातल्या चाचण्यांत तापलेल्या वाळूत दूरचं लक्ष्य वेगळं ओळखणं त्याच्या डोळ्याला जड गेलं, आणि अधिक चांगला डोळा बनवण्यात वर्षं गेली. काहींना हा डीआरडीओचा नाकर्तेपणा वाटतो. वेळ अति लागला हे खरंच आहे, पण शीत प्रदेशासाठी बनलेल्या परदेशी क्षेपणास्त्रालाही जैसलमेरचा मे महिना काही माफ करत नाही.

रणगाड्याकडे धूरही असतो. साध्या धुरातून हा डोळा पार बघतो, पण ऊबही अडवणारा खास धूर मिळतो. इस्रायलची ट्रॉफी ही यंत्रणा येणारं क्षेपणास्त्र छोट्या रडारने हेरून हवेतच फोडते. २०११ पासून ती प्रत्यक्ष लढाईत वापरली गेली आहे. आणि ‘विसरा’ या शब्दातच एक धोका आहे. सोडलेलं क्षेपणास्त्र परत बोलावता येत नाही. चौकट चुकीच्या गाडीवर जुळली तर ते इमानेइतबारे चुकीच्या गाडीवर जाणार. इस्रायलच्या स्पाइकमध्ये म्हणूनच बारीक काचतंतू मागे ठेवण्याची सोय आहे: हवं तर विसरा, हवं तर शेवटपर्यंत बघत राहा आणि लक्ष्य बदला. मांजा पूर्ण वाईट नव्हता म्हणायचा.

## मग ड्रोन असताना हा खर्च कशाला?

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, आणि उत्तर गुळमुळीत द्यावंसं वाटत नाही.

आधी पैसे. मार्च २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने भारत डायनॅमिक्सला ४,९६० मिलान-२टी क्षेपणास्त्रांचं १,१८८ कोटींचं कंत्राट दिलं. भागाकार केला तर एक सुमारे २४ लाखांना पडतं. २०१९ साली ४६४ टी-९० रणगाड्यांसाठी मंजूर झालेली रक्कम साडेतेरा हजार कोटींच्या घरातली, म्हणजे एक २९ कोटींना. एका रणगाड्याच्या पैशात शंभराहून जास्त मिलान. डोळा असलेलं क्षेपणास्त्र मिलानपेक्षा कैक पटींनी महाग, तरीही हिशोब पायदळाच्याच बाजूने झुकतो.

पण युक्रेनच्या युद्धात हिशोब आणखी खाली आला. पहिल्या काही आठवड्यांत, २०२२ च्या वसंतात, जॅव्हेलिनचं नाव घराघरात पोचलं. त्यानंतर हळूहळू रणगाडे मारण्याचं बरंचसं काम काही शे डॉलरच्या ड्रोनकडे गेलं. त्याला पुढे कॅमेरा, खाली बांधलेलं स्फोटक आणि पाच-दहा किलोमीटर दूर तळघरात बसलेला चालक. तो स्वतः दिसत नाही, रणगाड्याचं दार उघडं दिसलं तर त्यातून आतही घालतो.

तर क्षेपणास्त्राकडे काय उरतं? ड्रोन रेडिओवर चालतो आणि रेडिओ बुजवता येतो. वारा, पाऊस, धुकं यांत तो गडबडतो. त्याचा वेग कमी असतो आणि एक रणगाडा मारायला कधी कधी बरेच ड्रोन खर्ची पडतात. क्षेपणास्त्र सुटल्यावर काही सेकंदांत तिथे असतं आणि त्याला कुणाचा हुकूम लागत नाही. समोर दीड किलोमीटरवर अचानक रणगाडा उभा ठाकला तर ड्रोन पेटीतून काढत बसायला वेळ नसतो. माझ्या मते ड्रोनने या क्षेपणास्त्राचं मैदान आकसवलं आहे, मोडीत काढलेलं नाही. ज्या संख्येने ती घ्यायचं दहा वर्षांपूर्वी ठरत होतं, त्या संख्येचा फेरविचार मात्र व्हायला हवा.

रेडिओ बुजवण्यावर युक्रेन-रशियाने काढलेला तोडगा तर बघाच: ड्रोनच्या मागून काचतंतू सोडायचा. त्या भागातल्या शेतांवर, झाडांवर आता हे तंतू कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरलेले दिसतात. संक्रांतीनंतर आपल्याकडे तारांवर मांजा लोंबत असतो ना, तसेच. १९५० च्या दशकातली तार २०२४ मध्ये परत आली.

## आपलं गाडं कुठवर आलंय?

२०१४ साली भारताने अमेरिकेचं जॅव्हेलिन बाजूला ठेवून इस्रायलचं स्पाइक निवडलं. आठ हजारांवर क्षेपणास्त्रं घ्यायची होती. २०१७ च्या अखेरीस तो व्यवहार रद्द झाला. आपण स्वतः बनवू, हे त्यामागचं मुख्य कारण. सप्टेंबर २०१८ मध्ये या स्वदेशी क्षेपणास्त्राच्या पहिल्या चाचण्या याच नगरच्या माळावर झाल्या. मधे, २०१९ साली, तातडीची गरज म्हणून थोडी स्पाइक घ्यावीच लागली. मग कर्नूल, पोखरण, जैसलमेर अशा चाचण्या होत होत जानेवारी २०२६ ला क्षेपणास्त्र पुन्हा नगरला आलं, या वेळी हलत्या लक्ष्यावर, माथ्याकडून. क्षेपणास्त्र हैदराबादच्या डीआरडीएलचं, पण त्याच्या पोटात चंदिगड, डेहराडून आणि पुण्याच्या प्रयोगशाळांचं काम आहे. पुण्याची म्हणजे सुतारवाडीची एचईएमआरएल, जिथे स्फोटकं आणि रॉकेटची इंधनं घडतात. बनवणार भारत डायनॅमिक्स आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स.

चाचणी आणि फौजेच्या हाती पडणं यांत अंतर असतं. म्हणूनच नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने भारताला १०० जॅव्हेलिन आणि २५ डागण्याची यंत्रं विकायला मंजुरी दिली तेव्हा ‘स्वदेशी असताना परदेशी का’ असा गोंधळ उडाला. शंभर क्षेपणास्त्रांनी युद्ध लढत नाहीत. हा आकडा तात्पुरत्या गरजेचा आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत मोदी आणि ट्रम्प यांच्या संयुक्त निवेदनात जॅव्हेलिन भारतात एकत्र बनवण्याचाही उल्लेख होता, आणि तो झालाच तर स्वदेशीच्या वाट्याची मागणी किती उरेल हा प्रश्न उघडाच आहे.

तोवर सीमेवरच्या बहुतेक पलटणींत तिपाईवर असेल ते मिलान किंवा मूळ रशियन काँकुर्स. पल्ला दोन ते चार किलोमीटर, मागे तार, आणि फुली धरून बसलेला एक जवान. मिलान असेल तर बारा सेकंद, काँकुर्स असेल तर जास्त.